लपवलेली चिठ्ठी

सिल्लोडमध्ये बसून वाईनवर लिहायचं म्हणजे जरा अतीच. आमच्याकडे जिभेची परीक्षा होते ती मिरचीवर, आणि तिथे परीक्षकांचं एकमत व्हायला अर्धा मिनिट पुरतो. द्राक्षबागा, वायनरी, ग्लास फिरवून वास घेणं, हे सगळं नाशिककडचं. पण स्पर्धा आणि निकाल या विषयावरचा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला पुरावा वाईनच्या ग्लासातूनच निघालाय. तो गॅदरिंगमधल्या वक्तृत्व स्पर्धेलाही लागू पडतो आणि एमपीएससीच्या मुलाखतीलाही. वाचण्यासाठी एक थेंबही चाखावा लागणार नाही.

२४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईनविक्रेत्याने एक चाचणी ठेवली. लेबलं झाकलेली, दहा रेड वाईन, त्यातल्या चार फ्रान्सच्या आणि सहा कॅलिफोर्नियाच्या. अकरा जणांनी चाखल्या, पण निकालात नऊ फ्रेंच परीक्षकांचेच गुण धरले. प्रत्येक वाईनला वीसपैकी गुण. पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप. फ्रान्सची इभ्रत गेली, बातमी जगभर झाली, कॅलिफोर्नियाचं नशीब उघडलं. पहिल्या आणि दुसऱ्या वाईनच्या सरासरीत मात्र एका गुणाचाही फरक नव्हता.

पुढे १९९९ मध्ये प्रिन्स्टनच्या ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर आणि रिचर्ड क्वांट या दोन अर्थतज्ज्ञांनी तीच गुणपत्रिका पुन्हा तपासली. त्यांचा पहिला आक्षेप अगदी शाळेतला आहे. समजा एक मॅडम सगळ्यांना ४२ ते ४६ मध्येच गुण देतात आणि दुसरे सर १५ पासून ४८ पर्यंत मनमोकळे फिरतात. बेरीज केली तर निकाल सरांचाच लागतो, मॅडम नुसत्या खुर्चीवर. म्हणून गुण सोडा, प्रत्येक परीक्षकाने लावलेला क्रम घ्या आणि क्रमांकांची बेरीज करा, असं त्यांचं म्हणणं. तसं करूनही पॅरिसचा पहिला क्रमांक बदलला नाही. पण खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: या परीक्षकांचं आपापसात पटतंय किती?

हे मोजायचं एक जुनं माप आहे, केंडॉलचं. सगळ्यांचा क्रम अगदी सारखा असेल तर १, काहीच मेळ नसेल तर ०. एक उदाहरण घेऊ. चार वक्ते: अमोल, भारती, चेतन, दीपा. तीन परीक्षक. पहिल्याने याच ओळीने १, २, ३, ४ असे क्रमांक दिले. दुसऱ्याने ३, १, २, ४. तिसऱ्याने २, ४, १, ३. बेरीज करा: अमोल ६, भारती ७, चेतन ६, दीपा ११. बेरीज कमी तो वर. म्हणजे अमोल आणि चेतन बरोबरीत, भारती एका पायरीने मागे, दीपा शेवटी.

या तक्त्याचं केंडॉलचं माप ०.३८ च्या आसपास येतं. ऐकायला बरं वाटतं. पण तिन्ही परीक्षकांना घरी पाठवून त्यांच्या जागी तीन डबे ठेवले, प्रत्येक डब्यातून चार चिठ्ठ्या काढून क्रम लावला, तर इतकं किंवा याहून जास्त ‘एकमत’ शंभरात सुमारे ४५ वेळा आपोआप दिसेल. चार ओळींचा कोड लिहून कोणीही पडताळू शकतं. दीपा कमी पडली असावी असं हा तक्ता सुचवतो, तेही खात्रीने नाही. बाकी तिघांबद्दल तो गप्प आहे. तिसऱ्या परीक्षकाने अमोल आणि चेतनची फक्त अदलाबदल केली असती, तर अमोल एकटा पहिला, आणि भारती नि चेतन बरोबरीत दुसरे.

२०१२ मध्ये प्रिन्स्टनमध्ये अशीच चाचणी झाली. न्यू जर्सीच्या वाईन विरुद्ध फ्रान्सच्या, नऊ परीक्षक, दहा व्हाईट, दहा रेड. क्वांट यांनी आकडे तपासले. व्हाईटमधली पहिली आणि रेडमधली शेवटची, एवढ्या दोनच वाईन इतरांपेक्षा ठामपणे वेगळ्या निघाल्या. बाकीचा क्रम पुन्हा चाखायला बसवलं असतं तर बहुधा बदलला असता. क्रमवारी मात्र एक ते दहा अशी पूर्ण छापता येते. कागदावर चौथा आणि सहावा यांच्यात दोन पायऱ्या दिसतात. त्या पायऱ्या कुठून आल्या ते कागद सांगत नाही.

इथे एक फरक करायला हवा, आणि माझ्या मते नैतिक प्रश्न या फरकातच आहे. परीक्षकांचं न पटणं दोन जातीचं असतं. एकाला धारदार, आक्रमक भाषण आवडतं, दुसऱ्याला संथ, विचार करत बोलणारं. दोघंही स्वतःशी प्रामाणिक आहेत, उद्या विचारलं तरी तेच सांगतील. यात दोष कोणाचाच नाही. दुसरी जात म्हणजे परीक्षकाचं स्वतःशीच न पटणं. रॉबर्ट हॉजसन हे निवृत्त प्राध्यापक, स्वतः वाईन बनवणारे. त्यांनी २००५ पासून चार वर्षं कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या परीक्षकांसमोर सुमारे तीस ग्लासांची रांग ठेवली, आणि त्यात एकाच बाटलीतले तीन ग्लास गुपचूप मिसळले. तिन्हींना एकाच पदकाच्या पट्ट्यात बसवणारे परीक्षक निघाले साधारण दहा टक्के. तेवढ्याच दहा टक्क्यांनी त्याच वाईनला एकदा ब्राँझ आणि एकदा गोल्ड दिलं. ही त्या धंद्यात नाव असलेली मंडळी होती, रस्त्यावरून धरून आणलेली नव्हेत.

पहिल्या जातीचं न पटणं म्हणजे आवड. दुसऱ्या जातीचं म्हणजे भूक, थकवा, आधीच्या ग्लासची चव, दुपारचे साडेतीन. बेरीज दोन्हींना एकाच पोत्यात भरते. परीक्षक वाढवा म्हणजे सुटेल, असं बरेच जण म्हणतात. थकवा त्याने धुऊन निघेल, कबूल. पण आवडीच खऱ्याखुऱ्या वेगळ्या असतील, तर पन्नास परीक्षक मिळून सत्य शोधत नाहीत, तडजोड शोधतात. कोणालाच फार न खटकलेलं भाषण पहिलं येतं.

आता चिठ्ठीकडे येऊ. आपल्या राज्यात चिठ्ठी काढण्याला कमीपणा नाही. ग्रामपंचायतीत दोन उमेदवारांना समान मतं पडली की लहान मुलाला बोलावून चिठ्ठी उचलायला लावतात, आणि तिला ईश्वरचिठ्ठी म्हणतात. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात दोघांना ५,९४६ अशी तंतोतंत सारखी मतं पडली, आणि देशातल्या सगळ्यात श्रीमंत पालिकेची ती जागा चिठ्ठीने ठरली. हरलेल्याला वाईट वाटलंच असेल, पण तू कमी लायक आहेस असं त्याला कोणी सांगितलं नाही.

स्पर्धेतही चिठ्ठी असते, फक्त ती परीक्षकांच्या पोटात लपवलेली असते. बाहेर येताना दशांश चिन्हाचे कपडे घालून येते. भारतीला सांगितलं जातं की तू दोघांपेक्षा कमी आहेस. दहावीतली मुलगी हे खरं मानते, वर्षानुवर्षं मानते. आणि अमोललाही खोटंच कळतं, फक्त ते गोड असल्यामुळे तो तक्रार करत नाही.

यावर म्हणतील, मग मेहनत करायची कशाला? त्या तिघांत पोचायला. तिथपर्यंत तयारीच नेते. त्या पुढच्या दोन पायऱ्यांचा हिशोब मेहनतीच्या खात्यावर टाकायला माझी हरकत आहे.

परीक्षकांना कधी क्रम लावायचाच नसतो, हेही आपल्याकडे घडलंय. २०२२ मध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही म्हणून तो कोणालाच दिला नाही. खूप वाद झाला. मला तो निर्णय कठोर वाटला, पण त्यात एक गोष्ट बरोबर पकडली होती. क्रम लावला की पहिला निघतोच, त्याची तेवढी लायकी असो वा नसो. माझी अपेक्षा वेगळीच आहे: असा निकाल देताना प्रत्येक परीक्षकाचा कागद शेजारी लावावा. एकमत किती होतं ते मुलांना दिसू द्यावं.

आयटीत दरवर्षी अप्रेझलला हेच होतं, आणि तिथे तर प्रत्येक मॅनेजरने प्रत्येक ग्लास चाखलेलाही नसतो. एमपीएससीच्या राज्यसेवेत नव्या पद्धतीने एकूण २,०२५ गुण, त्यातले २७५ मुलाखतीचे. पॅनेल वेगवेगळी. आमच्याकडच्या अभ्यासिकेत एका गुणाने पोस्ट गेलेला मुलगा सापडतो, आणि तो स्वतःला एका गुणाने कमी समजतो. त्या मुलासाठी तरी कोणीतरी मोजायला हवं, की तोच उमेदवार दोन पॅनेलसमोर गेला तर फरक किती पडतो. उत्तर दोन-तीन गुण आलं तर उत्तमच. पण आकडा समोर असावा.

गेल्या जानेवारीत गावाकडच्या एका स्पर्धेच्या संयोजकांना मी सुचवलं होतं, की तिघांचे गुण इतके जवळ आहेत तर तिघांनाही पहिलं जाहीर करा आणि चषक स्टेजवर चिठ्ठी काढून द्या. ते हसले. मग म्हणाले, “आयडिया चांगली आहे हो, पण पाहुणे आलेत, पेपरवाले आलेत. त्यांना काय सांगू, परीक्षकांना समजलं नाही म्हणून?”

मी म्हटलं, हो, तसंच सांगा. त्यांनी माईक घेतला आणि तृतीय क्रमांकापासून नावं वाचायला सुरुवात केली.