तागडी धरणारा हात

'किरकोळ व्यापार' हा शब्द आपण नित्य वापरतो, पण त्याच्या अर्थाकडे क्वचितच पाहतो. पोती आणि गाठी विकणारा तो व्यापारी. पाव किलो साखर किंवा एक साडी विकणारा तो किरकोळ. आम्ही राहतो त्या म्हैसुरात कन्नड भाषा याच उद्योगाला 'चिल्लरे व्यापार' म्हणते. दोन्ही शेजारणींनी या कामाला हलक्या तागडीत घातले आहे. दुकानात नोकरी करणाऱ्या माणसाचे काम अल्प वेतनाचे, म्हणून अल्प विचाराचे, असाच आपला समज असतो. आमचे मत याच्या उलट आहे. नीतिशास्त्रातला एक अवघड प्रश्न या माणसापुढे दिवसातून अनेकदा उभा राहतो: ज्याचे मीठ खावे त्याच्याशी इमान राखावे, की समोर आलेल्या अनोळखी माणसाशी?

दुकानदाराचे उदाहरण तत्त्वज्ञांनाही सुचले आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात अशा एका वाण्याची गोष्ट घेतली आहे, की ज्याच्या दुकानी लहान मूल गेले तरी त्याला इतरांच्याच भावाने माल मिळतो. हा वाणी प्रामाणिक खरा. परंतु तो कर्तव्य म्हणून तसा वागतो की गिऱ्हाईक टिकावे म्हणून, असा कांटचा प्रश्न आहे. फायद्यासाठी पाळलेल्या सचोटीला तो नैतिक मोल देत नाही.

हा प्रश्न आमच्या नजरबादेत अधिकच तीव्र होतो. राजवाडा येथून जवळ, १८९२ साली स्थापन झालेले प्राणिसंग्रहालयही जवळच. दसऱ्याच्या दिवसांत तर सारा देश येथे लोटतो. असा प्रवासी एकदा येतो, खरेदी करतो आणि निघून जातो. तो पुन्हा त्याच दुकानाची पायरी चढेल, असा संभव फारच थोडा. गल्लीतल्या शेजाऱ्याला फसवले तर उद्या तो जाब विचारील. पण नागपुराहून आलेल्या त्या बाईंना कोण विचारणार? कृष्णराज वडियार चौथे यांच्या कारकिर्दीत १९१२ साली म्हैसुरात रेशीम विणण्याचा कारखाना निघाला आणि 'म्हैसूर सिल्क' या नावाला कीर्ती लाभली. कीर्ती आली की तिची सावलीही येते. साडीचे ठाण उलगडून धरलेल्या मुलीला त्या बाई विचारतात, "हे अस्सल आहे ना?" साडी अस्सल नाही, हे मुलीला ठाऊक आहे. मालक चार हातांवर बसला आहे. येथे गिऱ्हाईक टिकविण्याचा लोभ नाही, पकडले जाण्याचे भयही नाही. कांटला हवी होती ती शुद्ध कसोटी हीच.

आणि येथे आणखी एक पेच आहे, जो कांटच्या वाण्याला नव्हता. तो वाणी स्वतःच मालक होता. खरे बोलून होणारा तोटा त्याचा त्यालाच सोसायचा होता. आमच्या या मुलीने खरे सांगितले तर तोटा मालकाचा, खोटे सांगितले तर गिऱ्हाइकाचा, आणि दोन्ही वेळी तिचा पगार तेवढाच. फार तर पहिल्या प्रकारात तोही जाण्याचा धोका. मिठाला जागणे हा आपल्याकडे मोठा गुण मानला आहे, आणि तो आहेही. परंतु मिठाने काय विकत घेतले जाते? आमच्या मते, नोकराचे श्रम, त्याचा वेळ आणि मालकाच्या मालाची राखण, एवढेच. त्याच्या जिभेला खोटे बोलण्याचे कामावर ठेवण्याचा अधिकार मीठ देत नाही. मालाचे गुण रंगवून सांगावेत, न विचारलेला दोष एक वेळ आपण होऊन सांगू नये, येथवर इमान नेता येईल. पण कोणी सरळ विचारले असता 'हो' म्हणणे म्हणजे मापात पाप करण्यासारखेच आहे.

महाभारताच्या शांतिपर्वात जाजली आणि तुलाधार यांची कथा आहे. जाजलीने इतका काळ निश्चल उभे राहून तप केले, की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे केले. त्याला गर्व झाला, तेव्हा धर्म शिकण्यासाठी त्याला वाराणसीच्या एका वाण्याकडे जावे लागले. आपली तागडी सर्व भूतांसाठी सारखी आहे, हेच त्या वाण्याच्या शिकवणुकीचे सार. ही कथा आम्हांस फार प्रिय आहे. मात्र तिच्यात एक गोष्ट सुटली आहे: तुलाधाराच्या दुकानी कोणी नोकर असेल, तर त्याची कथा कोणी सांगितली नाही.

त्याची कथा सांगायची तर ती उभे राहण्यापासूनच सुरू करावी लागेल. जाजली उभा राहिला तो तपासाठी. विक्रेती उभी राहते ती बसू दिले जात नाही म्हणून. कोझिकोडच्या मिठाई तेरुवु बाजारातील स्त्रियांनी पी. विजी यांच्या पुढाकाराने या प्रश्नावर झगडा मांडला, आणि २०१८ साली केरळने कायदा दुरुस्त करून दुकानातील नोकरांना बसण्याचा हक्क दिला. २०२१ साली तामिळनाडूनेही तसेच केले. बसण्यासाठी कायदा लागावा, यातच सारे आले. आम्ही सरकारी कारकून खिडकीच्या आत बसतो आणि येणारा बाहेर उभा राहतो; आमच्या कपाळावर आठी असली तरी पगार कापला जात नाही. विक्रेत्याला मात्र उभे राहून हसावे लागते. बोलणाऱ्याचा कोंडाही खपतो, या म्हणीचे ओझे त्याच्या चेहऱ्यावर असते. भाव मालकाने वाढविलेला, आणि चार शब्द ऐकायचे याने. 'ग्राहक हा देव' अशी पाटी लावल्याने हे सुधारत नाही. उलट देव झालेल्या माणसाला नाही म्हणण्याची सोय उरत नाही.

तरीही या कामाला स्वतःचे असे फळ आहे. दिवसभरात शंभर अनोळखी माणसे समोर येतात; कोणाची भाषा कन्नड, कोणाची तमिळ, कोणाची उर्दू किंवा मराठी. प्रत्येकाला त्याच्या शब्दांत समजून घेणे ही साधी विद्या नव्हे. एखादे घर वर्षानुवर्षे दुकानात शिरताच मालकाला न विचारता त्या एका नोकरालाच शोधते, कारण "हे घेऊ नका, रंग जाईल" असे कधी तरी तो म्हणालेला असतो. हा विश्वास मालकाच्या गल्ल्यात पडत नाही. तो नोकराचा स्वतःचा असतो.

पण अशी सचोटी मागताना मागणाऱ्यानेही आपले वजन करून पाहिले पाहिजे. खरे ऐकायचे असेल, तर खरे बोलणाऱ्याला नोकरी गमावण्याची पाळी येऊ नये, अशी व्यवस्था आपण सर्वांनी मिळून केली पाहिजे. आणि तोवर निदान त्याने 'नाही' म्हटले असता ते शांतपणे ऐकून घेतले पाहिजे. तागडी त्याच्या हाती आहे हे खरे, परंतु तिच्या एका पारड्यात आपणही असतो.