नळ, दमयंती आणि प्रॅमिपेक्सोल

मामा हैदराबादचे, काचीगुड्यात राहणारे, निवृत्त वकील. भाची त्याच शहरात मेंदूविकारतज्ज्ञ. तिने मामांपुढे ठेवलेला पेशंट हा एक माणूस नाही. ओपीडीत भेटलेल्या अनेकांचा मिळून तिने एक केला आहे, म्हणजे कोणाची ओळख पटायला नको. मामांनी वकिली सोडली, उलटतपासणी सोडलेली नाही.

भाची: पन्नाशीतला गृहस्थ, बँकेत नोकरीला. उजवा हात कापायचा, चालताना तो हात हलायचा नाही, अक्षर बारीक बारीक होत गेलेलं. पार्किन्सन्स. मी लेव्होडोपा थोडी ठेवली आणि जोडीला प्रॅमिपेक्सोल दिलं.

मामा: दोन गोळ्या कशाला?

भाची: लेव्होडोपासारखं दुसरं औषध नाही, पण कमी वयाच्या पेशंटमध्ये काही वर्षांनी अंग आपोआप वेडंवाकडं हलायला लागतं. तो डोस आवरता ठेवायचा तर दुसऱ्या औषधाचा आधार लागतो. आणि त्याला गुण आला, मामा. सही परत पहिल्यासारखी झाली. मग दर रविवारी आबिड्सच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणायला लागला. आधी एकदोन, नंतर पोती भरून. मग हार्मोनियम आली, रात्री दोनला वाजायला लागली. मग मलकपेटचं रेसकोर्स. मागच्या महिन्यात बायकोला कळलं की मुलीच्या शिक्षणाची एफडी मोडली आहे. तो गाडी काढायला गेला तेव्हा ती मागे थांबली आणि म्हणाली, मॅडम, गोळी कमी करा, पण का ते त्यांना सांगू नका.

मामा: गोळीमुळेच हे झालं कशावरून? पन्नाशीला पुरुषांना अशा हुक्क्या येतातच.

भाची: येतात. अमेरिका आणि कॅनडातल्या ३,०९० पेशंटांची पाहणी २०१० मध्ये छापून आली. प्रॅमिपेक्सोलच्या जातीची औषधं घेणाऱ्यांत सतरा टक्क्यांना जुगार, खरेदी, खाणं किंवा कामवासना आवरत नव्हती. न घेणाऱ्यांत सात टक्क्यांना.

मामा: मग तुझा माणूस सतरांतला की सातांतला? कोर्टात मी त्याला संशयाचा फायदा मिळवून दिला असता.

भाची: डोस उतरवून पाहिलं की कळतं. पण चोरून उतरवायचा का, हा माझा प्रश्न आहे.

मामा: तो प्रश्नच नाही. चोरून नाही. अंग जड झालं की तो येऊन विचारणार, गोळी तीच ना? तेव्हा तू तोंडावर खोटं बोलणार. पुढे बोल.

भाची: बरं, उघड सांगितलं. तेही मी करून पाहिलं. तो म्हणतो, मॅडम, वीस वर्षं मी मान खाली घालून व्हाउचर तपासली, जगतोय तो आत्ता. बायको म्हणते, हा माझा नवरा नव्हे. आता यातला खरा कोण?

मामा: बायको त्याला तुझ्यापेक्षा जास्त ओळखते.

भाची: कधीपासूनचा ओळखते? हात कापायला लागण्याच्या कितीतरी वर्षं आधी हा आजार आत शिरलेला असतो. वास येईनासा होतो, बद्धकोष्ठ होतं, माणूस झोपेत हातपाय झाडतो, आणि पुष्कळांची हौस मरते. बायको ज्याला आपला शांत, काटकसरी नवरा म्हणते, तो शेवटची काही वर्षं कदाचित आजारानेच शांत झालेला होता. तो नवरा आजाराने घडवलेला, हा गोळीने. मोजमाप घेऊ कुणाचं?

मामा: लग्नाच्या वेळचा धर.

भाची: पंचविशीतल्या माणसाचा पन्नाशीतल्या माणसावर काय हक्क? तुम्ही तरी तेव्हाचे आहात का?

मामा: (हसून) मामींना विचार. पण शरीर आणि स्वभाव वेगळे काढता येत नाहीत का? हात चालू दे, हाव नको.

भाची: तेच तर जमत नाही. आपल्या सर्पगंधेची गोष्ट बघा. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकिलांनी १९४९ मध्ये तिच्यावर लेख लिहिला आणि रक्तदाबावरचं औषध म्हणून ती जगभर गेली. तिच्यातलं रेसर्पिन १९५७ च्या सुमाराला स्वीडनमध्ये आर्विद कार्लसननं सशांना दिलं. ससे जागच्या जागी गळून बसले. लेव्होडोपा टोचल्यावर पुन्हा हिंडायला लागले. लेव्होडोपाचं मेंदूत डोपामिन होतं, प्रॅमिपेक्सोल त्याचीच नक्कल करतं. आणि पाय उचलायला लागतं तेच डोपामिन काहीतरी हवंसं वाटायलाही लागतं. दोन्हींच्या वाटा मेंदूत वेगळ्या आहेत, पण गोळीला पत्ता वाचता येत नाही. खुद्द जेम्स पार्किन्सनने १८१७ मध्ये लिहिलं की या आजारात बुद्धी शाबूत राहते. त्याने माणसं पाहिली त्यातली काही तर नुसती रस्त्यावर, लंडनमध्ये. घरातला हिशेब त्याला कोण दाखवणार!

मामा: मग स्वभावाचा वाद सोड. कायद्याने बघ. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात चौथं कलम आहे. माणसाचा उपचाराबद्दलचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं धरायचं नाही. ही गोळी चालू ठेवणं मूर्खपणा असेल, पण मूर्खपणाला परवानगी आहे.

भाची: निर्णयक्षमतेचंच बघा. २००४ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्सचा एक पेशंट छापला. मेंदूत तारा घालून विजेची हलकी स्पंदनं देतात ना, इथे पंजागुट्ट्याला निम्समध्ये होतं ते ऑपरेशन, तसं झालेलं. यंत्र चालू असलं की हा बासष्टीचा गृहस्थ हिंडूफिरू शके, पण उन्माद चढे, कर्ज करून ठेवी. बंद केलं की शुद्धीवर, पण अंथरुणाला खिळलेला. डॉक्टरांनी यंत्र बंद करून, डोकं ताळ्यावर असताना त्याला विचारलं.

मामा: हे बरोबर. पुढे?

भाची: त्याने निवडलं चालू यंत्र. आणि त्याबरोबर मनोरुग्णालयात बंद राहणं.

मामा: (थोडं थांबून) म्हणजे शहाण्यानेच वेड्याला मत दिलं.

भाची: की अंथरुणावर खिळलेल्याने भीतीपोटी दिलं? यंत्र बंद असलेला माणूस तटस्थ कुठे आहे? तोही एका अवस्थेत आहेच.

मामा: तुझ्या या वाटेने गेलं तर कोणाचंच बोलणं ग्राह्य धरता येणार नाही. नळाचं घे. कली अंगात शिरला आणि तो पुष्कराशी फासे खेळत बसला. त्या खेळात नळ कोण नि कली कोण, हा शोध दमयंती घेत बसली नाही. आधी मंत्र्यांना बोलावलं, नळाला सांगून पाहिलं. तो ऐकेना, तेव्हा वार्ष्णेय सारथ्याला रथ जोडायला लावून मुलांना विदर्भात, कुंडिनपुराला, माहेरी पाठवून दिलं. नवऱ्याचे फासे हिसकावले नाहीत, मुलं मात्र डावातून बाहेर काढली. तुझ्या पेशंटच्या बायकोनेही तेच करावं. पैसे हलव, दोघांच्या सहीशिवाय खातं चालणार नाही असं कर. डोस राहू दे.

भाची: हे मला पटतं, निम्मं. खात्याचं मीच सुचवणार होते. पण पैसे हलवल्यावर झोप परत येते का? तो रात्री तीन तास झोपतो. आणि दमयंतीचं पुढे काय झालं? अर्ध्या वस्त्रात तिला रानात टाकून नळ निघून गेला. डाव आवरला म्हणून कली निघत नाही.

मामा: मग पहिल्या दिवशीच विचारायचं होतंस. गोळी देण्याआधी. तेव्हा तो गोळीचाही नव्हता, अंथरुणाचाही नव्हता.

भाची: मी दोघांना सांगते, नेहमी. जुगार, खरेदी, जे काही वाढेल ते मला कळवा. ही दोन मिनिटं गर्दीच्या ओपीडीत पुष्कळदा गळतात, आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू होतं. याने तर कबूलही केलं होतं, असं काही झालं तर गोळी बंद करा म्हणून.

मामा: मग संपलं की! लेखी आहे?

भाची: केसपेपरवर आहे. पण तो म्हणतो, तेव्हा मला कुठे माहीत होतं की जगणं असंही असतं? ज्याला चव माहीत नव्हती, त्याच्या शब्दाने मला बांधू नका. मामा, याला उत्तर द्या.

मामा: वकील म्हणून सोपं आहे. करार करार असतो. माणूस म्हणून... तू काय करणार आहेस ते सांग.

भाची: मंगळवारी दोघांना समोरासमोर बसवणार. मुलीच्या एफडीबद्दल तो काय म्हणतो ते आधी ऐकणार, कारण अजून त्याला ते कोणी विचारलेलंच नाही. मग हळूहळू उतरवायचं. एकदम थांबवलं तर घाम, घालमेल, घोर उदासी येते, ती वेगळीच पीडा. लेव्होडोपा वाढवावी लागेल, अंग वेडंवाकडं हलण्याचा धोका लवकर ओढवेल. तेही सांगणार.

मामा: आणि तो नाही म्हणाला तर?

भाची: तर या डोसवर मी सही करणार नाही.

मामा: म्हणजे सक्तीच झाली. फक्त चोरून नाही.

भाची: हो, सक्तीच. आणि तो उद्या दुसऱ्या डॉक्टरकडे जाईल, हेही मला माहीत आहे.