चौथं ऋण कुणी फेडायचं?

नवी मुंबईतल्या कळंबोलीत नव्या सदनिकेची किल्ली हाती आली की वास्तुशांत होते. होम होतो, वास्तुपुरुषाची पूजा होते, पंगत उठते. त्या वास्तुपुरुषाच्या छातीवर आधी कुणाची भातशेती होती, हे मात्र कुठल्याच संकल्पात येत नाही.

माणूस जन्मतःच ऋणी असतो, असं शतपथ ब्राह्मण म्हणतं. देव, ऋषी आणि पितर यांची ऋणं सगळ्यांना ठाऊक. चौथं, मनुष्यऋण, मागे पडलं. ते फेडायची रीतही तिथेच दिली आहे: माणसांना आसरा द्यावा, अन्न द्यावं. म्हणजे निवारा देणं हा दानधर्म उरत नाही, ते देणं ठरतं.

हे देणं कुणाच्या खात्यावर? नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली. गावकऱ्यांची जमीन स्वस्तात घ्यायची, विकसित करून विकायची आणि त्या पैशांतून रस्ते, गटारं, पाणी उभं करायचं, असा हिशेब होता. वाढलेल्या किमतीवर हक्क कुणाचा, हा प्रश्न शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली रस्त्यावर आणला. जानेवारी १९८४ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतरची.

निवारा सगळ्यांना द्यायचा, तर उरतो प्रश्न दाटीचा. दाटी कुणालाच आवडत नाही. ऐपत आली की माणूस मोकळ्या हवेतल्या प्लॉटकडे वळतो. पण जलवाहिनीची खोदाई मीटरवर मोजतात. किलोमीटरभर वाहिनीवर चारशे घरं असोत की चाळीस, चर तेवढाच खणावा लागतो. त्यात कळंबोली खाडीकाठची, सखल. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी थोपवायला धारण तलाव लागतात, त्यांतला गाळ काढावा लागतो. २६ जुलै २००५ ला वसाहत पाण्यात गेली, तेव्हा या खर्चाचा अर्थ तळमजल्यावाल्यांना नीट कळला.

कळंबोली जिच्या हद्दीत येते ती पनवेल महापालिका ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली आणि पुढे तेव्हापासूनच्या मालमत्ता कराची बिलं आली. सिडकोला सेवाशुल्क भरलेले रहिवासी चिडले, न्यायालयात गेले. त्यांचा राग रास्त होता. एकाच सेवेचे पैसे दोनदा घेणं कुठल्याही शास्त्रात बसत नाही.

मात्र कर किती, याच्याइतकंच तो कशावर, हेही विचारायला हवं होतं. घराने अडवलेली जमीन आणि त्याच्यासाठी लांबवलेली वाहिनी यांवर तो बसला, तर कळंबोलीतल्या चौथ्या मजल्यावरच्या वन रूम किचनचं बिल उतरेल आणि माळावरच्या वीकेंड बंगल्याचं चढेल.