शाळेचे पंचांग आणि भट्टीचा हंगाम

दिवाळी सरते न सरते तोच रोहे आणि पेण तालुक्यांतील कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल घरखर्चात केव्हाच संपलेली असते, आणि ती फेडण्यासाठी पोराबाळांसह सारे बिऱ्हाड वीटभट्टीवर किंवा दूरच्या कोळशाच्या भट्टीवर जाऊन पडते, ते पावसाचे चिन्ह दिसेपर्यंत. शाळेचे वर्ष मात्र जूनच्या मध्यास सुरू होऊन उन्हाळ्यात संपते. त्यामुळे वर्षातील निम्म्याहून अधिक काळ या मुलाचे नाव हजेरीपटावर असते आणि मूल वर्गात नसते, आणि मेअखेर ते वाडीवर परतते तेव्हा शाळेला कुलूप असते.

उन्हाळी वर्ग म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पोहणे, चित्रकला आणि संस्कारवर्ग येतात. ज्यांचे वर्षभराचे शिक्षण सुरक्षित आहे त्यांना ते शोभतात. कातकरी मुलाच्या बाबतीत उन्हाळा हा बुडालेल्या विद्येची भरपाई करण्याचा एकमेव अवकाश आहे, आणि तो आपण सुट्टी म्हणून वाया घालवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

भट्टीवरील मूल निरुद्योगी नसते. ओल्या विटा मोठ्या माणसाच्या पायाखाली दबतील, म्हणून हलक्या अंगाची मुले त्या ओळींतून फिरून एकेक वीट कडेवर उभी करतात. मजुरी हजार विटांवर ठरत असल्याने आठ-नऊ वर्षांची मुलगी बिनचूक मोजते. परंतु आठवड्याची खर्ची देऊन उचलीतून वजावट करताना मुकादमाने वहीत काय चढवले, हे तिला वाचता येत नाही आणि तिच्या आईबापांनाही येत नाही. वेठबिगार पद्धत कायद्याने १९७६ साली रद्द झाली. कर्जाच्या हिशेबाची वही मात्र अजून एकाच पक्षाच्या हाती आहे. म्हणूनच केवळ मुलाला शिकवून भागणार नाही, कुटुंब शिकले पाहिजे.

शाळेने मुलाकडे जावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. पुढे त्याच जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा काढल्या, तर राज्यात इतरत्र ऊसतोड कामगारांच्या तळांवर साखरशाळा उभ्या राहिल्या. अमेरिकेतही पिकांमागे टेक्सासपासून उत्तरेकडे हिंडणाऱ्या, बहुतांशी मेक्सिकन वंशाच्या शेतमजुरांच्या मुलांसाठी १९६६ साली केंद्रीय कायद्याने स्वतंत्र योजना झाली. मजूर जेथे उतरतील तेथे उन्हाळी शाळा, मुलाच्या शिक्षणाची नोंद त्याच्यामागोमाग पाठवण्याची व्यवस्था आणि योजना आखताना पालकांचा सल्ला, ही त्या योजनेची अंगे अनुकरणीय आहेत. स्थलांतरित मुलाला नव्या ठिकाणच्या शाळेत सामावून घ्यावे म्हणून आपल्याकडे दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी पत्रकाचा हेतू याच जातीचा आहे. पण ते दाखवायला भट्टीजवळच्या शाळेत जाणार कोण, ज्या बापाला सुट्टी घेतली की मजुरी बुडते तो? हंगामी वसतिगृहे मुलाला गावी ठेवतात हे खरे. तथापि सात वर्षांच्या मुलाला आईपासून सहा महिने तोडणे ही मला नाइलाजाची तडजोडच वाटते.

शिवाय भाषेचा प्रश्न आहे. वाडीवर कातकरी बोली बोलली जाते आणि पाठ्यपुस्तक प्रमाण मराठीत असते. जो शिक्षक त्या बोलीतून आरंभ करील त्याच्यापुढेच ते मूल तोंड उघडील.

उरतो प्रश्न पैशाचा. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखाने रोहे तालुक्याच्याच भूमीवर आणि कुंडलिकेच्या पाण्यावर उभे आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये ठरावीक मर्यादेपलीकडे नफा मिळवणाऱ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावयाची असते, आणि शिक्षण हा त्या कार्यातील मान्य विषय आहे. धाटावच्या कारखान्यांच्या चालकांना माझी विनंती आहे की, येत्या मेअखेरपासून शाळा उघडेपर्यंत वाड्यांवर सकाळी मुलांचा आणि रात्री आईबापांचा हिशेबवाचनाचा वर्ग चालवण्याची तजवीज त्यांनी आताच करावी, आणि शिकवण्याचे काम दहावी-बारावी झालेल्या कातकरी तरुण-तरुणींना पगार देऊन सोपवावे.