जुन्या मोटारीचा सांभाळ



१९९५ साली पुण्यात मर्सिडीजची ई-क्लास गाडी तयार होऊ लागली. त्या काळातल्या आलिशान मोटारींनी आता तिशी गाठली आहे. जुन्या बाजारात अशा गाडीची किंमत खूप उतरते, सुट्या भागांचे भाव मात्र उतरत नाहीत. हौसेने गाडी घेणाऱ्याला खरा खर्च पुढे कळतो.

आपल्या नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. रबरी पाइप कडक होऊन चिरतात, कूलंट कमी पडलं की इंजिन तापतं, बॅटरीचं आयुष्य घटतं. गाडी नुसती उभी राहिली, तरी ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावं लागतं. १५ वर्षं झाली की आरटीओची तपासणी, आणि मग नोंदणीचं नूतनीकरण ५ वर्षांपुरतं.

हे सगळं वेळच्या वेळी करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो. थेंबभर गळती दिसताच तो मिस्त्रीकडे जातो, कारण दुर्लक्षाची किंमत तो जाणतो. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांचंही तसंच आहे; वेळेवर कौलं फेरली तरच भिंती टिकतात.

मालकी कागदावर एका दिवसात मिळते, पण ती निभवावी लागते रोज. तेव्हा नवं काही घेण्याआधी, जे हाती आहे त्याची आज नीट विचारपूस करूया.