उतारशाळेचे दार



संत लूकच्या शुभवर्तमानात उतारशाळा दोनदा येते. बेथलेहेमात तिच्यात जागा नसते आणि पवित्र मरियेला आपले बाळ गव्हाणीत ठेवावे लागते. पुढे यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला मात्र तिथे जागा मिळते. कारण त्याला कोणीतरी तिथवर घेऊन आलेले असते.

दयाळू शोमरोनी म्हटला की जखमांवर तेल ओतणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने त्या परक्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, त्याची काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी पदरचे दोन दीनार मोजले आणि जास्त खर्च झाल्यास परत येताना देईन, असा शब्दही दिला. दयेची सुरुवात रस्त्यावर झाली, पण ती पूर्ण झाली छपराखाली.

आज रस्त्यावर किती जण आहेत? 2011च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. पदपथावर, पुलाखाली, सिमेंटच्या मोठ्या पाइपात, रेल्वे फलाटावर आणि प्रार्थनास्थळांच्या आवारात उघड्यावर झोपणाऱ्यांची त्यात नोंद झाली. देशात ते 17 लाखांहून अधिक भरले, महाराष्ट्रात 2 लाखांहून अधिक, तर एकट्या मुंबईत 57 हजारांच्या घरात. त्या यादीत प्रार्थनास्थळांचे आवार आहे, हे आपण विसरू नये. देवाच्या घराच्या पायरीपर्यंत आलेला माणूस सरकारी कागदावर बेघर ठरला.

ही माणसे कोण? 1972च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबे मुंबई-पुण्याकडे गेली. 2016च्या दुष्काळातही मराठवाड्यातील कुटुंबांनी मुंबईत घाटकोपरच्या मोकळ्या मैदानात पालं ठोकली. शहरातला बेघर म्हणजे पुष्कळदा आपल्याच शिवारातला माणूस.

मुंबईत 1981 साली पदपथावरच्या झोपड्या हटवण्याचा निर्णय झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 1985 साली न्यायालयाने सांगितले की जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. मात्र रीतसर सूचना देऊन झोपड्या हटवता येतील, असेही म्हटले. त्याच काळात भायखळ्याच्या पदपथावरील बायका 'महिला मिलन'मध्ये एकत्र आल्या. त्यांनी थोडेथोडे पैसे साठवले, घराचे नकाशे स्वतः आखले आणि पुढे त्यांच्यातील काहींना मानखुर्दला हक्काची घरे मिळाली. पदपथ ते पक्के घर या वाटेला कित्येक वर्षे लागली.

2010 साली सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे चोवीस तास उघडा असणारा एक निवारा हवा, असे बजावले. 2013 पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानातून त्यासाठी निधीही ठरला. मुंबईला या हिशेबाने सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत, पण प्रत्यक्षातली संख्या त्याच्या जवळपासही पोहोचली नाही. जिथे निवारा आहे, तिथेही काही खाटा रिकाम्या राहतात. निवारा मजुरीच्या नाक्यापासून लांब असतो, नवरा-बायकोला वेगळे राहावे लागते, हातगाडी ठेवायला जागा नसते. चार भिंती उभ्या राहतात, पण हात धरून आत नेणारा आणि पुन्हा विचारपूस करायला येणारा शोमरोनी तिथे नसतो.

आणि पालम? लाखाच्या हिशेबात आपल्यासारखे लहान गाव सहज सुटून जाते. म्हणून इथे बेघर नाहीत, असे नाही. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे चार-पाच महिने पाचटाच्या कोपीत काढतात. मागे राहिलेले म्हातारे आईवडील कोणाच्या आधाराने राहतात? घरकुल योजना आहे, पण नावावर जागा नसली की अर्ज तिथेच अडतो. बसस्थानकावर रात्र काढणाऱ्याकडे तर दाखवायला पत्ताच नसतो.

पोप फ्रान्सिस यांच्या काळात, 2019 साली, व्हॅटिकनजवळचा एक जुना राजवाडा बेघरांसाठी उघडला गेला. आपल्याकडे राजवाडा नाही. पण शूनेमच्या बाईनेही राजवाडा उभारला नाही. तिने अलीशा संदेष्ट्यासाठी माडीवर एक लहान खोली बांधली आणि तीत खाट, मेज, बैठक व दिवा ठेवला. तेवढे पुरले.

तेव्हा या आठवड्यात आपण दोन गोष्टी करू या. आपल्या वस्तीत छप्पर नसलेले कोण आहे, हे नावानिशी जाणून घेऊ या. आणि आपल्यातील लिहितेवाचते लोक त्यांच्यासोबत नगरपंचायतीत, तहसीलमध्ये जाऊन आधार, रेशनकार्ड व घरकुलाचा अर्ज यांसाठी उभे राहोत. एका खेपेत काम होणार नाही. शोमरोनी परत येईन म्हणाला होता. आपणही दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जाऊ या.

मनुष्याच्या पुत्राला डोके टेकायला जागा नव्हती. मी परका होतो, तेव्हा तुम्ही मला घरात घेतले का, हे तो एक दिवस आपल्याला विचारणार आहे.

हे प्रभो, आमच्या दाराशी तू येशील तेव्हा तुला ओळखण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.