बैल, विमान आणि माझी सही

वडील यावलच्या बाजारातून रात्री बैलगाडीत झोपून घरी येत. बैल वाट चुकत नसत. त्यामुळे विमानात 'ऑटोपायलट' असतो हे कळलं तेव्हा नवल वाटलं ते एवढंच, की त्याला कडबा लागत नाही!

युक्ती तशी जुनीच. १९१४ साली पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरीने दोन्ही हात वर करून विमान चालवून दाखवले. त्याच्या यंत्रात गरगरणारे भोवरे होते. विमान कलले, की ते चुगली करीत. आजचे यंत्र हवी ती उंची-दिशा आणि आहे ती उंची-दिशा ताडून बघते आणि फरक मिटेपर्यंत पंखांच्या व शेपटीच्या पट्ट्या हलवते. आम्ही बँकेत याला 'टॅली' म्हणतो.

पण यंत्र सांगितलेलं करतं, मनातलं नव्हे. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून गेलेले एअरबस ए-३२० विमान बंगळूरला उतरताना कोसळले. ९२ माणसे गेली. स्वयंचलित यंत्रणेने इंजिने मंदच ठेवली होती, वेग घटत होता आणि ते वेळेवर ध्यानात आले नाही, असे चौकशीत निघाले.

मग जबाबदार कोण? एकदा आमचे बैल कुणाच्या केळीत शिरले. वडील म्हणाले, "मी झोपलो होतो." पंच म्हणाले, "तेच तर!" भरपाई वडिलांनी दिली, बैलांना कुणी नोटीस काढली नाही.

आता बेरीज कंप्यूटर करतो, खाली सही माझी. परवा सहीआधी ती हाताने करून पाहिली. साहेब म्हणाले, "का हो, कंप्यूटरवर विश्वास नाही?"

म्हटलं, "आहे ना साहेब! म्हणूनच तर झोप येते."